नानांच्या जागेवरची वांगी

आमच्या दफनभूमीत एक लोखंडी घडीची खुर्ची आहे. वॉचमनच्या खोलीत दारामागं ती उभी असते. जानेवारीपासून दर रविवारी उपासना संपली की मी ती घेतो, पूर्वेच्या भिंतीजवळच्या एका कबरीपाशी नेऊन उघडतो, थोडा वेळ बसतो आणि परत आणून ठेवतो. वॉचमन काही विचारत नाही. खुर्ची माझी नाही. ज्यांची होती ते नाना धुळ्यात पुरले गेले. त्यांना इथं, या कबरीजवळ यायचं होतं. ते इथं नाहीत याला कारण मी आहे. ते कसं झालं, तेवढंच लिहायचं आहे.

जळगावातली आमची मंडळी लहान. नाताळ आणि ईस्टर सोडले तर देवळातले मागचे बाक रिकामेच राहतात. त्यातल्या अगदी शेवटच्या बाकावर, दाराच्या वाऱ्याला, नाना बसायचे. मूळ धुळ्याकडच्या एका खेड्यातले, घरची बोली अहिराणी. भुसावळच्या रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून उभी हयात काढली, आणि बायकोची शाळेतली आयाची नोकरी इथं होती म्हणून निवृत्तीनंतर जळगावात आले. मिशीला मेंदी लावायचे, त्यामुळे मिशी वर्षभर नारिंगी. रविवारचा शर्ट पिवळा. शर्टाच्या दोन खिशांत दोन रुमाल, एक लाल आणि एक हिरवा. प्रवचन अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की लाल रुमाल निघायचा आणि गुडघ्यावर पसरला जायचा. पाळकसाहेबांना वेदीवरून तो बरोबर दिसायचा. नवे पाळक पहिल्या रविवारी गोंधळायचे, दुसऱ्या रविवारी चिडायचे, आणि तिसऱ्या रविवारपासून हसू दाबत आटोपतं घ्यायचे. "आमेन" झालं की हिरवा रुमाल. गाडी सुटली.

माझे वडील त्याच देवळात हार्मोनियम वाजवायचे आणि पंचकमिटीचे सेक्रेटरीही होते. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच कडकपणे केली. नानांचा आवाज मोठा होता आणि सुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. अक्का, म्हणजे नानांच्या बायको, त्यांच्याहून मोठ्यानं आणि त्यांच्याहून बेसूर गायच्या. एखाद्या कडव्यात वडिलांचा हात थांबायचा. ते चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडे बघायचे.

"मास्तर, देवाला चालतं ना?" नाना तिथून विचारायचे.

"देवाला चालतं हो. मला नाही चालत."

सगळं देऊळ हसायचं. वडील हसायचे नाहीत. त्यांनी पुन्हा भाता धरला की नाना पहिल्यापेक्षा जोरात सुरू व्हायचे.

अक्का गेल्या तेव्हा मी चाळिशीच्या आतबाहेर होतो. त्यांना पूर्वेच्या भिंतीजवळ, निंबाच्या पलीकडे ठेवलं. पुढच्याच आठवड्यात नाना आमच्या घरी आले. मेहरूणमधल्या आमच्या त्या दोन खोल्यांत वडील पलंगावर आणि नाना स्टुलावर, असे समोरासमोर बसले. नानांना अक्कांच्या शेजारची जागा राखून हवी होती.

वडील म्हणाले, "नाना, ठराव आहे. कुणाचीही जागा राखून ठेवता येत नाही. ज्याचा नंबर येईल त्याला जी जागा असेल ती."

"ठराव कुणी केला?"

"कमिटीनं."

"कमिटीत मांडला कुणी?"

"मी मांडला," वडील म्हणाले. "उद्या श्रीमंत माणसं येऊन सगळी भिंत राखून ठेवतील, मग गरिबाला कुठं ठेवायचं?"

ते बरोबर होतं. नानांनाही पटलं असावं, कारण ते चहा पिऊन उठले. पण पावसाळा लागला आणि अक्कांच्या शेजारच्या तेवढ्याच तुकड्यावर, माणूस आडवा मावेल एवढ्याच लांबीरुंदीत, वांग्याची रोपं दिसायला लागली. भरताची वांगी, आपल्याकडची हिरवी, हातभर वाढणारी. वडील तपासायला गेले, मी बरोबर होतो. नाना डब्यानं पाणी घालत होते.

"हे काय आहे?" वडिलांनी विचारलं.

"वांगा शेतस, मास्तर."

"ते दिसतंय. जागा राखता येत नाही हे सांगितलं होतं."

"जागा मनी नही," नाना डबा खाली ठेवत म्हणाले. "पन वांगा मना शेतस. जागा मंडळीची, वांगी माझी. झाडं लावू नयेत असा ठराव आहे का? दाखवा, उपटतो."

तसा ठराव नव्हता. वडिलांनी तो पुढच्या बैठकीत मांडायचं ठरवलं, आणि मला आजही माहीत नाही का, पण मांडला नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे हंगामाचा सण असतो. प्रत्येक घरातून शेतातलं, परसातलं काही ना काही येतं. केळीचे घड, कापसाची बोंडं, ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, असं सगळं वेदीसमोर मांडतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी नानांनी टोपलीभर वांगी आणली. वांगी अशी होती की बघत राहावं, देठाला काटे, अंगावर तेज. पण लिलावात त्यांच्यावर कुणी बोलेना. बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी एकीनं हळूच म्हटलं, "पण ती तिथली ना हो?"

नाना उभे राहिले. "तिथलीच. जिथं मी जाणार तिथली. मी अजून गेलेलो नाही, त्यामुळं जमीन कोरी आहे. खा बिनघोर. मी गेल्यावर मात्र विचार करून खा, मी तिखट आहे."

पाळकीणबाईंनी ती टोपली घेतली. संध्याकाळी देवळाच्या आवारात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचली, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्ली. पुढच्या वर्षापासून नानांच्या टोपलीवर भांडणं व्हायची. 'नानांच्या जागेवरची वांगी' हे नाव आमच्या मंडळीत कायमचं पडलं. मुलं तर त्या तुकड्याला नानांचं शेत म्हणायची.

रविवारी उपासना झाली की नाना ती खुर्ची घेऊन तिथं जायचे. अक्कांच्या पायाशी बसायचे आणि आठवड्याच्या बातम्या द्यायचे. आवाज मोठा, त्यामुळे फाटकापर्यंत ऐकू यायचं.

"ऐकी ऱ्हायनी का? आज पाळकसाहेबनं प्रवचन भलतं लांबनं. दोनदा लाल दाखाडा, थांबना नही. मास्तरनी पेटी बिघडनी, एक सूर बोंबलत बसस. आते त्याले समजी, बेसूर काय ऱ्हास ते." मग कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कोण नापास झालं, कोणी कोणाशी बोलत नाही. लोक फाटकाशी थांबून ऐकायचे, कारण मंडळीतली खरी बातमी तिथंच मिळायची.

ती खुर्ची जुनी होती, यार्डातून मोडीत निघालेली. उजव्या हातानं मिटायला गेलं की सळई सरकून बोट चिमटायची. "डाव्या हातानं," नाना प्रत्येकाला सांगायचे. "बाईसारखी आहे. बाजू ओळखावी लागते."

वडील थकले तेव्हा हार्मोनियम एका मुलीकडे गेली आणि सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. मला ते नको होतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, दिवसभर फाइलीच उचलतो. पण दुसरं कुणी तयार नव्हतं. मास्तरांचा मुलगा म्हणून नोंदवही आणि दफनभूमीची किल्ली माझ्या हातात आली. अजून आहे.

मग साथीचा दुसरा उन्हाळा आला. नाना तेव्हा धुळ्यात मुलीकडे गेलेले होते आणि बंदीमुळे तिथंच अडकले. ते वॉचमनला फोन करून झाडांना पाणी घालायला सांगायचे. वॉचमन घालायचा. एप्रिलच्या शेवटी माझे वडील गेले. तीन दिवस दवाखान्यात होते, मला भेटू दिलं नाही. दुपारी गाडीतून त्यांना थेट दफनभूमीत आणलं. पाळकसाहेब स्वतः आजारी होते. पुरायला मी, खड्डा खणणारा म्हातारा, वॉचमन आणि गाडीवरची दोन माणसं, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. बायको आणि मुलगी घरी, त्यांचाही रिपोर्ट यायचा होता.

आमच्याकडची काळी जमीन एप्रिलमध्ये कशी होते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. भेगा पडतात आणि दोन भेगांमधलं ढेकूळ दगडासारखं होतं. म्हातारा सकाळपासून खणत होता. मी पोचलो तेव्हा खड्डा गुडघ्याइतकाही नव्हता. एरवी मशीन बोलावतो, तेव्हा मशीन मिळत नव्हतं. गाडीवाला हॉर्न द्यायला लागला. त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचे डोळे सुजलेले होते.

म्हातारा कुदळीवर टेकून मला म्हणाला, "भाऊ, ही नाही व्हायची आज. तिकडं वांग्याच्या जागेवर करू का? तिथं पाणी पडतंय, माती मऊ आहे. तासाभरात होईल."

मला कळलं तो काय विचारतोय. त्यालाही कळत होतं, म्हणून तर त्यानं विचारलं. वॉचमन दुसरीकडे बघत होता. मी गाडीच्या बंद दाराकडे बघितलं आणि म्हणालो, "करा."

झाडं मी स्वतः उपटली. बरीचशी वाळलेली होती, दोन हिरवी होती. एकाला एक लहान वांगं होतं. मी ती भिंतीपलीकडे टाकली. वांगंही टाकलं. मग वडिलांना तिथं उतरवलं. प्रार्थना मीच केली, ती कोणती केली ते आठवत नाही.

त्या दिवसाबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही. कुणीही तेच केलं असतं असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं असावं. नियमाप्रमाणेही जागा कुणाची राखीव नव्हती, नियम तर वडिलांचाच होता. पण रात्री धुळ्याहून नानांचा फोन आला. मास्तर गेल्याचं त्यांना कळलं होतं. ते रडले. म्हणाले, "मनासंगे भांडनारा एकच मानूस व्हता रे." मग विचारलं, "कोठे ठेवं?" मी म्हणालो, "पूर्वेला. भिंतीकडं." खोटं नव्हतं. त्यांनी पुढं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

देवळं उघडली त्या पहिल्या रविवारी नाना आले. मिशी पांढरी झाली होती, कपडे सैल. उपासनेनंतर त्यांनी खुर्ची घेतली आणि निघाले. मी दहा पावलं मागं. आधी सांगायचं होतं, उपासनेच्या आधी, फाटकाशी, वाटेत. तोंडच उघडलं नाही. ते निंबाला वळसा घालून पुढं गेले आणि थांबले. वडिलांच्या डोक्याशी अजून लाकडी क्रूस होता, त्यावर पांढऱ्या रंगानं नाव. त्यांनी ते वाचलं. खुर्ची हातात तशीच मिटलेली.

"नाना," मी म्हणालो. "माती कुठं निघतच नव्हती. गाडी उभी होती. मी..."

 मग त्यांनी खुर्ची उघडली, अक्कांच्या पायाशी ठेवली आणि बसले.

"ऐकी ऱ्हायनी का," ते अक्कांना म्हणाले, "शेजारी कोन येल शे बघ. मास्तर. आते तो तुले सूर शिकाडी. शिक बरं. मनाकडून तं काही व्हयनं नही."

मला हसूही आलं नाही आणि रडूही. ते वळले, माझ्याकडे बघितलं. "ऱ्हाऊ दे, पोऱ्या. जा, जेव जाऊन. तुझी बाई वाट बघत असेल." एरवी मला ते सेक्रेटरी म्हणायचे.

त्या वर्षी हंगामाच्या सणाला नानांनी टोपलीभर वांगी आणली. लिलाव सुरू होण्याआधी ते म्हणाले, "बाजारातली आहेत. घाबरू नका." हसले ते एकटेच.

नंतर एके दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. कॉलेजच्या, टेबलासमोर. त्यांच्या हातात एक कागद होता, नातवाकडून नीट अक्षरात लिहून घेतलेला. आमच्या मंडळीत अशी सोय आहे की पुरून बरीच वर्षं झाली असतील तर नवराबायकोपैकी दुसऱ्याला त्याच कबरीत वर ठेवता येतं. त्यासाठी घरच्यांचा अर्ज लागतो आणि कमिटीची लेखी परवानगी. अक्कांची वर्षं भरली होती.

"मले तिच्यावरच टाका," नाना म्हणाले. "आयुष्यभर माझ्या डोक्यावर बसली, आता मी बसतो." मग जरा हळू म्हणाले, "आधी परवानगी घेऊन ठेव. नंतर पोरीला धावपळ नको. ती बिचारी एकटी आहे."

मी म्हणालो, "पुढच्या बैठकीत घेतो, नाना. होऊन जाईल."

खरोखरच होऊन गेलं असतं. नानांना नाही म्हणणारा आमच्या कमिटीत कुणी नव्हता. कुणीतरी फक्त विचारलं असतं, अर्ज का? नानांची जागा तर शेजारीच आहे ना, वांग्यांची? आणि मला सांगावं लागलं असतं की तिथं माझे वडील आहेत. लोकांना वडील पूर्वेला आहेत एवढं माहीत होतं. आमच्याकडे दफनभूमीत आत सहज कुणी जात नाही, फाटकाशीच थांबतात. ज्यांनी बघितलं होतं त्यांचा समज असा होता की नानांनीच जागा दिली. मास्तर गेले आणि नानांनी आपली जागा दिली, असं एका बाईनं देवळात साक्ष देताना, म्हणजे देवाचे उपकार सांगताना, सांगितलंही. डोळे पुसत सांगितलं. नाना शेवटच्या बाकावर होते. मी पहिल्या बाकावर होतो. नानांनी नाही म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं नाही.

त्यानंतर अर्ज बैठकीत ठेवणं म्हणजे त्या बाईची साक्ष खोडणं होतं; प्रश्न निघाले असते, आणि जागा नानांनी दिली नव्हती, मी न विचारता घेतली होती, हे सांगावं लागलं असतं. मी तो फाइलीत ठेवला. एका बैठकीत पत्र्याच्या दुरुस्तीचा विषय लांबला. एका बैठकीत पाळकसाहेबांची बदली होती. एकदा माझी तब्येत बरी नव्हती. हे सगळं नोंदवहीत आहे, माझ्याच अक्षरात. विषय पुढच्या बैठकीत, असंही मी लिहिलं नाही, कारण विषय कुणाला माहीतच नव्हता.

"मना अर्जनं काय व्हयनं, सेक्रेटरी?" नाना दर एक-दोन महिन्यांनी विचारायचे. देवळाच्या पायरीवर, चपला घालताना.

"चालू आहे, नाना."

"भुसावळच्या यार्डात मालगाडी अशीच चालू असायची. सकाळी बघावं तर तिथंच."

मी हसायचो. असं दीड वर्ष चाललं असेल. मग वार्षिक सभा आली. मी वर्षाचा अहवाल वाचत होतो. दफनभूमीचा परिच्छेद आला, मी तिथं थांबलो, पाणी प्यालो आणि पान उलटलं. वर बघितलं तर नाना माझ्याकडे बघत होते. खिशाकडे हात गेला होता. मला वाटलं लाल निघणार. त्यांनी हात तसाच मांडीवर आणून ठेवला. रुमाल निघालाच नाही.

त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही.

पाय सुजायला लागल्यावर मुलगी त्यांना धुळ्याला घेऊन गेली. जायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही, ऑफिसात तपासणी होती. तपासणी होतीच, पण तासाभराची सुट्टी मिळाली असती. संध्याकाळी वॉचमननं सांगितलं, "नाना खुर्ची ठेवून गेले. म्हणाले, सेक्रेटरीला दे, बापाला भेटायला येईल तेव्हा बसायला. गुडघे दुखतात त्याचे."

माझे गुडघे दुखतात हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या नाताळच्या आधी, दुपारी, धुळ्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. नाना आदल्या दिवशी गेले, आज सकाळी तिथल्या दफनभूमीत ठेवलं. मी म्हणालो, "अहो ताई, कळवायचं तरी. इथं आणलं असतं. दोन-अडीच तासांचा रस्ता आहे."

ती म्हणाली, "भाऊ, घरी या. फोनवर नको."

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, धुळं आलं तेव्हा काहीच जुळलेलं नव्हतं. मुलगी माझ्याच वयाची, शाळेत शिकवते. तिनं चहा ठेवला. भिंतीवर नानांचा फोटो, मिशी नारिंगी. खुंटीवर पिवळा शर्ट.

ती म्हणाली, "मी त्यांना विचारलं होतं, शेवटच्या आठवड्यात. आईपाशी न्यायचं ना, म्हणून. पाळकांना मी फोन करते म्हटलं. तर म्हणाले..." ती नानांच्याच बोलीत बोलली, "'तठे कोनले इचारू नको. त्या पोऱ्याले चारचौघांत तोंड लपाडनं पडी. मले आठेच ठेव.'"

चहा निवत होता. मी म्हणालो, "ताई, त्यांचा अर्ज माझ्याकडे होता. तीन वर्षं. मी तो कुणाला दाखवलाच नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"त्यांनी सांगितलं?"

"त्यांनी नाही. लिहिलं माझ्या मुलानं. तो विचारायचा, आजोबा, उत्तर आलं का? ते म्हणायचे, टपाल उशिरा येतं." तिनं कप माझ्याकडे सरकवला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बसायला सोपं गेलं असतं. "तुम्ही चहा घ्या, भाऊ. मला रागवायचं होतं तुमच्यावर. पण दोन रात्री झोपले नाही. आज ताकद नाही."

मी विचारलं, अजून काही करता येईल का, परवानग्या काढून त्यांना तिकडे नेता येईल का. तिनं मान हलवली. "आता नका उकरू त्यांना. खूप हलले ते."

जानेवारीच्या बैठकीत मी अर्ज टेबलावर ठेवला. अध्यक्षस्थानी नवे पाळक होते, त्यांना नाना माहीतही नव्हते. मी उभा राहून सगळं सांगितलं. खणणारा म्हातारा, उपटलेली झाडं, साक्ष देणारी बाई, फाइल. मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल. मी नोंदवही आणि किल्ली बरोबर आणली होती, परत द्यायला. पाचही जण खाली बघत बसले. मग त्यातले सगळ्यात मोठे, वडिलांच्या बरोबरीचे, खाकरून म्हणाले, "आता अर्जदारच नाही, तर अर्जाचं काय करणार? झालं ते झालं. पुढचा विषय घ्या." पुढचा विषय पन्हाळीचा होता. ती गळते. किल्लीकडे कुणी हात केला नाही. पन्हाळीबद्दल काय ठरलं ते मी लिहून घेतलं.

पाळकसाहेबांनी नंतर माझ्यासोबत प्रार्थना केली. देव क्षमा करतो असं म्हणाले. ते मी लहानपणापासून मानत आलो आहे. पण देवळातून बाहेर पडताना मला एकच दिसत होतं, भिंतीजवळ एक बाई दर रविवारी वाट बघते आहे आणि तिला कुणी काही सांगितलेलं नाही. मेलेली माणसं वाट बघत नाहीत हेही मला माहीत आहे. नानांना माहीत नव्हतं का? तरी ते जायचे.

म्हणून खुर्ची घेऊन बसायला लागलो. दर रविवारी ठरवून जायचो आणि गप्प परत यायचो. शेजारी वडील. त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायची मला सवय नाही.

काल ईस्टर झाला. देऊळ भरलेलं होतं. गर्दी ओसरल्यावर मी गेलो, खुर्ची उघडली आणि अक्कांच्या पायाशी बसलो. ऊन चढलेलं होतं, जमिनीला भेगा पडायला लागल्या आहेत. मी आधी बातम्याच सांगितल्या. प्रवचन लांबलं, रुमाल दाखवायला कुणी नव्हतं. हार्मोनियमवरची मुलगी लग्न होऊन नाशिकला चालली. पन्हाळ अजून गळते. पुटपुटत होतो. मग मी म्हणालो, "अक्का, नाना डिसेंबरात गेले. ते येणार होते. त्यांनी अर्ज केला होता. तो माझ्याकडे राहिला. ते धुळ्याला आहेत, एकटे."  फाटकाशी दोघंतिघं थांबलेले दिसले. त्यांनी ऐकलं की नाही ते मी बघितलं नाही.

उठताना खुर्ची उजव्या हातानं मिटली आणि बोट सापडलं. चांगलं काळंनिळं झालं आहे. हे लिहितानाही ठणकतंय.